गिटारीच्या तारा निवडताना

अभ्यासपाठ
वाचन: १ करिंथ १४:७-९; स्तोत्र ३३:१-३



मागील अंकात आपल्या घोटी केंद्राला इलेक्ट्रिक गिटार मिळाल्याचे छोटे वृत्त दिले होते. मुंबईतील एका ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या दिवंगत वडिलांची ही गिटार पाड्यांवरील उपासनेसाठी दिली. वृत्त वाचून अनेकांनी फोन केले. काहींनी तारांसाठी पैसे पाठवले, तर तिघांनी प्रेमाने तारांची पाकिटेच पाठवली. तिन्ही पाकिटे वेगवेगळी निघाली आणि त्यातले एकही या गिटारीला नीट चालणारे नव्हते. पाठवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. दुकानात गेले की समोर पन्नास पाकिटे टांगलेली असतात आणि त्यातले कोणते कशासाठी हे कुणी सांगत नाही. म्हणून या वेळचा पाठ तारांवर घेत आहे. आपल्या मंडळीतही एखादी गिटार कपाटावर धूळ खात पडली असेल, तर तिलाही याचा उपयोग होईल.

पौल करिंथ येथील मंडळीला अन्य भाषांविषयी समजावताना मध्येच वाद्यांचे उदाहरण देतो. पावा असो की वीणा, तिच्या स्वरांत स्पष्ट भेद नसेल तर काय वाजत आहे हे ऐकणाऱ्याला कसे कळणार, असा त्याचा प्रश्न आहे. मुद्दा ऐकणाऱ्याच्या बाजूने मांडलेला आहे. वाजवणाऱ्याला किती आनंद झाला हे पौल विचारत नाही, समोरच्याला कळले का हे विचारतो. तार निवडतानाही आम्ही हाच प्रश्न आधी घेतला. ही गिटार कोण ऐकणार आणि कुठे? आमच्याकडे ऐकणारे म्हणजे पंचवीस-तीस माणसे, कुडाच्या नाहीतर विटांच्या घरात, वर पत्रा, बाहेर पाऊस आणि वीज असली तर असली.

आता गिटारीविषयी. साध्या गिटारीचे अंग पोकळ असते आणि मधोमध गोल भोक असते. बँडवाल्यांची इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव फळीची असते, वीज नसेल तर ती मुकीच. आपल्याला मिळालेली गिटार या दोघींच्या मधली आहे. अंग पोकळ, व्हायोलिनसारखा फुगीर माथा, त्यावर इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे आणि तारांखाली विजेचा पिकअप. अमेरिकेतील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीने १९३६ साली ईएस-१५० नावाची अशी गिटार बाजारात आणली. त्या काळच्या मोठ्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनपुढे गिटार ऐकूच येत नसे, त्यावर हा उपाय होता. पुढे मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात अशा गिटारी आल्या, आणि त्या वाजवणाऱ्यांत गोव्याचे आपले ख्रिस्ती बांधव पुष्कळ होते.

पोकळ अंग आमच्या लोकांना नवे नाही. घांगळीच्या बांबूला भोपळे बांधलेले असतात, तारप्यालाही भोपळाच लागतो. गिटार प्रथम पाड्यावर नेली तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी तिच्या पाठीवर बोटाने टकटक केले आणि "हिच्यात पण भोपळाच हाय" असे म्हणून ते समाधानाने खाली बसले. मला वाटते, त्यांनी एका वाक्यात वाद्यशास्त्र सांगितले.

पहिली गोष्ट धातूची. मिरज म्हटले की आपल्याला डॉक्टर वॉन्लेस आणि मिशन हॉस्पिटल आठवते. पण संगीताच्या जगात मिरज तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि २०२४ साली तिथल्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरजेच्या तंबोऱ्यावर जोडाच्या तारा पोलादी असतात आणि खर्जाची तार पितळी. पितळेचा खर्ज भरदार लागतो, कारण तिथे तारेचे कंपन घोडीतून भोपळ्याला मिळते आणि भोपळा ते मोठे करतो. साध्या गिटारीवर जाड तारांना ब्राँझचा वेढा असतो, तोही याच कारणाने.

पिकअपचे काम निराळे आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेले हेच तत्त्व. (फॅरडे हे निष्ठावान ख्रिस्ती होते आणि आपल्या छोट्या मंडळीत वडील म्हणून सेवा करीत, हे संडेस्कूलच्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.) म्हणजे पिकअपला आवाज ऐकू येत नाही, त्याला हलणारे लोखंड कळते. पितळ किंवा ब्राँझ त्याच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच.

आलेल्या तीन पाकिटांपैकी दोन ब्राँझची होती. तरुण संघाच्या मुलांना समजावे म्हणून त्यातला एक सेट लावून दाखवला. विजेशिवाय आवाज छान, अगदी भरदार. अॅम्प्लिफायरला जोडल्यावर मात्र वरच्या दोन साध्या पोलादी तारा कर्कश मोठ्या आणि खालच्या चार दबलेल्या. खालच्या तारांत ब्राँझच्या आत पोलादाची कणा-तार असते, तेवढीच पिकअपला कळते. एक मुलगा म्हणाला, "दोघी बायका भांडतायत आणि चार पुरुष गप्प बसलेत." पौलाने सांगितलेला स्वरांतला स्पष्ट भेद इथेच हरवतो.

तेव्हा पिकअप असलेल्या गिटारीला निकेलच्या तारा. पाकिटावर 'इलेक्ट्रिक गिटार' आणि 'निकेल' हे शब्द पाहावेत. पाकीट फाटलेले असेल तर रंग पाहावा. जाड तारा तांबूस-सोनेरी असतील तर ते ब्राँझ, चांदीसारख्या पांढऱ्या असतील तर निकेल किंवा स्टील. चुंबक लावून पाहण्याची युक्ती काहीजण सांगतात, पण तिच्यावर विसंबू नये. ब्राँझच्या तारेतही पोलादी कणा असल्याने चुंबक तिलाही चिकटतो.

दुसरी गोष्ट जाडीची, आणि खरा वाद इथेच झाला. तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सर्वांत बारीक तार दहा हजारांश इंचाची असेल तर तो 'दहाचा सेट', अकराची असेल तर 'अकराचा'. एका अंकाने काय होणार, असे वाटते. पण तारेचे वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि तोच स्वर मिळवायला ताणही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. दहाऐवजी अकराची तार म्हणजे जाडी दहा टक्के जास्त, ताण एकवीस टक्के जास्त. दहाच्या सेटच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ ते ४७ किलो असतो. अकराचा ५० ते ५५ किलो. साध्या गिटारीच्या बाराच्या ब्राँझ सेटचा ७० किलोच्या आसपास जातो. भाताचे भरलेले पोते गिटारीच्या मानेला टांगले आहे अशी कल्पना करा.

गिटार आली तेव्हा तिच्यावर बाराच्या गंजलेल्या तारा होत्या. ज्यांची ती होती त्यांचा हात त्यावर बसलेला असणार. आमच्याकडे ती वाजवणारी मुलगी नववीत आहे, ठाकर समाजातली. आपल्या अभ्यासवर्गात ती सहा वर्षे येते आणि कान इतका चांगला की पेटीवर एकदा ऐकलेली चाल दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवते. शाळेला सुट्टी असली की ती आईबरोबर आवणीला जाते. आवणीत दिवसभर हात चिखलात असतात, बोटांची कातडी भिजून मऊ होते, पायांना चिखल्या होतात. तशा बोटांनी बाराची तार दाबली की कातडी फाटते. जुलैमध्ये दोन आठवडे तिने गिटारीला हात लावला नाही. विचारले तर "जमत नाही मला" एवढेच म्हणाली. तार जाड आहे असे तिला वाटलेच नाही, आपणच कमी पडतो असे वाटले. आमच्या मुलींना हे वाक्य फार लवकर येते. गणितात येते, इंग्रजीत येते आणि नववी-दहावीत शाळा सोडताना शेवटचे येते. तारेच्या नंबरासाठी मी चार पाने का लिहीत आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्याचे कारण हे आहे.

मग सरळ दहाचा, नाहीतर नऊचाच सेट का लावू नये? तरुण मुलांचे हेच म्हणणे होते. पण फुगीर माथ्याची पोकळ गिटार हलवायला तारेत जोर लागतो. बारीक तार वीज असताना चालते, वीज गेली की कुजबुजते. शिवाय हिची घोडी लाकडी आहे आणि ती माथ्यावर नुसती टेकलेली आहे, स्क्रूने बसवलेली नाही. तारांचा दाबच तिला जागेवर धरतो. ताण फार कमी झाला तर जोरात वाजवताना ती सरकते.

या घोडीनेच आम्हाला तिसरी गोष्ट सांगितली. तिच्या वरच्या कडेला पायऱ्या कोरलेल्या आहेत, म्हणजे प्रत्येक तार किंचित पुढे-मागे टेकते आणि वरच्या पडद्यांवरही सूर खरा लागतो. आमच्या घोडीवर तिसऱ्या तारेची पायरी वेढ्याच्या तारेसाठी कोरलेली निघाली. हल्लीच्या बहुतेक इलेक्ट्रिक सेटमध्ये तिसरी तार साधी, बिनवेढ्याची असते. ती अशा घोडीवर लावली तर मोकळी वाजवताना सुरात आणि दाबली की चढी लागते. मुले पुन्हा पुन्हा खुंटी पिळतात, मोकळी तार उतरते, दाबलेली तरीही चढीच. माणसाला आपला कान खराब आहे असे वाटू लागते. म्हणून जुनी पोकळ गिटार असेल तर आधी घोडी पाहा. तिसरी पायरी दुसरीच्या तुलनेत पुढे, म्हणजे मानेच्या दिशेला असेल, तर 'वाउंड थर्ड' लिहिलेला सेट मागावा. दुकानदार नाही म्हणतो, कारण असे सेट कमी खपतात. मागवून घ्यायला सांगावे. मुंबईत धोबी तलावला १८६५ पासूनचे फुर्टाडोज आहे, तिथे किंवा तशा मोठ्या दुकानात तो मिळू शकतो.

तर ठरले असे: निकेलचा, अकराचा, तिसरी तार वेढ्याची. पाकिटावर ११-४९ असे आकडे असतात. पण त्या मुलीच्या बोटांचा प्रश्न तरीही उरला होता. त्याला उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले, आपल्या पेटीत.

आपल्या मंडळीत भजने पेटीवर म्हटली जातात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्याला अभंग, भजन आणि कीर्तन दिले, तेव्हापासून मराठी उपासनेचा गळा देशी सुरांवर तयार झालेला आहे. आपले गाणारे "काळी एक धरा", "काळी दोनमध्ये घ्या", "बायका आहेत, काळी चार करा" असे सांगतात. गिटारवाल्याची इथे पंचाईत होते. गिटारीच्या मोकळ्या, सोप्या कॉर्ड सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या आहेत. काळ्या पट्टीसाठी नवशिक्याला पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. त्यात निम्मी मुले शिकणे सोडतात.

गिटारीच्या सहाही तारा अर्धा स्वर खाली उतरवल्या तर काय होते पाहा. डीची सोपी कॉर्ड वाजवली की काळी एक मिळते. ईची वाजवली की काळी दोन, जीची काळी तीन, एची काळी चार. आपल्या गाणाऱ्यांना हव्या त्याच पट्ट्या, आणि बोटे मात्र सोप्या जागी. शिवाय अर्धा स्वर उतरवला की ताण सुमारे अकरा टक्के कमी होतो. म्हणजे अकराचा सेट बोटांना दहाच्या सेटपेक्षा जरासाच कडक लागतो, आणि तारेची जाडी कायम राहिल्याने विजेशिवायचा आवाजही बराचसा टिकतो. पांढरी पट्टी हवी असेल तेव्हा पहिल्या पडद्यावर कापो लावावा. सूर मात्र मोबाईलवर जुळवू नये, पेटीवर जुळवावा. आपल्या जुन्या पेट्या मोबाईलशी सहमत असतीलच असे नाही, आणि पेटीचा सूर गिटारीसाठी बदलता येत नाही.

चपट्या वेढ्याच्या तारांविषयी एका बंधूंनी आवर्जून विचारले आहे. त्यांना फ्लॅटवाउंड म्हणतात. त्यांचा वेढा पट्टीसारखा गुळगुळीत असतो, बोट सरकताना किरकिर होत नाही, मळ कमी साठतो आणि त्या टिकतात जास्त. पोकळ गिटारीचा जुना, मऊ, गोल आवाज याच तारांचा. आमच्या पावसात त्या उत्तम. पण किंमत साध्या सेटच्या दुप्पट-तिप्पट असते आणि आवाजाला धार कमी, त्यामुळे पत्र्यावर पाऊस वाजत असताना विजेशिवाय त्या मागे पडतात. ज्यांच्या मंडळीत पक्के सभागृह, वीज आणि चांगला अॅम्प्लिफायर आहे त्यांनी जरूर लावाव्यात.

खर्चाविषयी आमच्या समितीत एका भगिनीने स्पष्ट विचारले, की या पैशांत किती वह्या येतील? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेला याचा मला आनंद आहे. वह्यांचा निधी वह्यांसाठीच राहील असे ठरले, तारांसाठी आलेले पैसे वेगळे लिहिले आहेत. माझे मत विचाराल तर स्तोत्र ३३ मध्ये नवे गीत गाण्याबरोबर वाद्य कुशलतेने वाजवण्यासही सांगितले आहे, आणि कुशलतेला सरावाबरोबर साहित्यही लागते. गरिबांच्या वस्तीत काहीही चालते, गंजलेली तारही चालते, ही समजूत मला मान्य नाही.

तारा बदलताना एक पथ्य पाळा. सगळ्या तारा एकदम काढू नका. टेकलेली घोडी निसटते आणि तिची जागा पुन्हा शोधणे कठीण जाते. एक काढा, एक लावा, मग पुढची. शेवटी बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून वाजवा आणि तीच दाबून वाजवा. दोन्ही सूर एक आले तर घोडी जागेवर आहे. काढलेल्या तारांची टोके सुईसारखी असतात. ती अंगणात टाकू नका, पोरे आणि शेरडे अनवाणी फिरतात.

इगतपुरी भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा गंज येणारच. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार खालून-वरून कोरड्या सुती फडक्याने पुसायची, एवढ्याने तारेचे आयुष्य बरेच वाढते. गिटार चुलीच्या बाजूच्या भिंतीवर टांगू नये. धूर आणि वाफ दोन्ही तिथेच असतात. पेटी नसेल तर जाड पिशवीत, आत सुक्या तांदळाची पुरचुंडी ठेवून. घोटीत तांदळाला काही तोटा नाही. दमट हवेत लाकूड फुगते, माथा किंचित वर येतो आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. पावसाळ्यात गिटार अचानक कडक लागू लागली तर घोडीच्या बाजूची दोन चाके थोडी फिरवून ती खाली घ्यावी. मानेतला लोखंडी गज मात्र जाणकाराशिवाय कुणी फिरवू नये.

अॅम्प्लिफायरचा आवाज फार वाढवला की पोकळ गिटार स्वतःच किंचाळू लागते, कारण पेटाऱ्यातून आलेला आवाज तिच्या माथ्याला पुन्हा हलवतो. तारा बदलून हे थांबत नाही. वाजवणाऱ्याने अॅम्प्लिफायरकडे पाठ करून, दोन पावले बाजूला उभे राहावे आणि आवाज कमी करावा. आपल्या पत्र्याच्या सभागृहात हे पहिल्याच रविवारी कळते.

नवा सेट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. अर्धा स्वर उतरवून. ती मुलगी आता रोज संध्याकाळी अर्धा तास येते, आणि तिच्याबरोबर तिसरीतला तिचा भाऊ, जो अजून फक्त तारा पुसतो. कापणीनंतरच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत ती चार भजने वाजवणार आहे. तीन काळी दोनमध्ये आणि एक काळी चारमध्ये. आपण त्या दिवशी घोटीला याल तर आनंद होईल.

ज्यांना तारा पाठवायच्या आहेत त्यांनी कृपया एवढे पाहावे: इलेक्ट्रिक गिटारीच्या, निकेलच्या, ११-४९, तिसरी तार वेढ्याची. पुसून वापरल्या तर आमच्या हवेत एक सेट साधारण चार महिने जाईल असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला तीन. एक लावला आहे, एक राखीव ठेवला आहे. आलेले ब्राँझचे दोन्ही सेट वाया गेले नाहीत. पलीकडच्या पाड्यावर पाळकांकडे साधी गिटार आहे. प्रात्यक्षिकात लावलेला सेट काळजीपूर्वक उतरवून तिच्यावर चढवला, दुसरा पाकिटातच ठेवला आहे. तिथे दोन मुलगे शिकू लागले आहेत.